रात्रीच गेलं होतं

मे महिन्यात आठ दिवस कोल्हापूरला आईकडे होते. एका संध्याकाळी वळीव आला. पाऊस थोडा, वाराच फार. लाईट गेली ती रात्रभर आलीच नाही. रतिबाचं म्हशीचं दूध त्या दिवशी उशिरा आलं होतं आणि आईचे गुडघे दुखत होते, म्हणून तिनं पातेलं तसंच फ्रिजमध्ये सरकवलं, सकाळी तापवू म्हणून. सकाळी मी ते बाहेर काढलं. वास घेतला, काही जाणवलं नाही. बोट बुडवून चाखलं, गोडच लागलं. वर सायीसारखा दाट थर, खाली पांढरंशुभ्र दूध. एका शेगडीवर चहाचं आधण, दुसरीवर हे पातेलं. कडेनं बारीक बुडबुडे धरायला लागले, वाफेचा तो ओळखीचा ऊबदार वास आला, आणि मी साखरेच्या डब्याकडे वळून परत बघेपर्यंत पातेल्यात दूध उरलंच नव्हतं. चोथा एका बाजूला गोळा होत होता आणि मधून हिरवट पाणी वर येत होतं. मी घाईनं गॅस बंद केला, जणू तेवढ्यानं काही परत येणार होतं.

"अगं आई, आत्ता तर बरं होतं!"

आई दारातूनच म्हणाली, "बरं कुठलं? रात्रीच गेलं होतं ते. आत्ता कळालं एवढंच."

एवढं बोलून तिनं फडकं शोधायला घेतलं, कारण नासलं म्हणून तिच्या घरात दूध फेकत नाहीत. पण ते वाक्य माझ्यातून गेलं नाही. दिवसभर टोचत राहिलं, पुण्याला परत आल्यावरही. मी गेली वीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. दूध का फाटतं हे मला फळ्यावर काढून दाखवता येतं. ताज्या दुधाचा सामू, म्हणजे पीएच, ६.७ च्या आसपास असतो. त्यातल्या केसीन प्रथिनाच्या सूक्ष्म गोळ्यांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात आणि दूध पांढरं, एकसारखं दिसतं. उकाड्यात जिवाणू दुपटीनं वाढत जातात, लॅक्टिक आम्ल तयार करतात, सामू हळूहळू उतरतो आणि गोळ्यांवरचा भार कमी कमी होत जातो. ४.६ ला पोचलं की थंड दूधही आपोआप दाटतं. पण त्याच्या कितीतरी आधी अशी एक अवस्था येते, जिथं दूध दिसायला, लागायला अगदी तसंच असतं आणि आतून मात्र गोळ्यांमधलं अंतर राखणारं बळ संपत आलेलं असतं. आच लागायचा अवकाश. मी बोट बुडवून चाखलं तेव्हा ते त्या अवस्थेत होतं. माझ्या जिभेला कळलं नाही. आईला चाखायचीही गरज पडली नाही, तिनं रात्र किती गरम होती एवढंच मोजलं.

माझ्या आजोळी पहाटे दूध संस्थेत रांग लागायची. ओल्या फरशीचा आणि आंबूस किटल्यांचा मिळून तिथं एक वास असायचा, तो अजून माझ्या नाकात आहे. माप, फॅट वगैरे व्हायच्या आधी एखाद्या किटलीचा संशय आला, तर तिथला माणूस थोडं दूध परीक्षानळीत घ्यायचा आणि उकळत्या पाण्यात धरायचा. काचेवर बारीक कण दिसले, की किटली परत. एकदा एका बाईची किटली परत केली, ती मला आठवते. तिनं झाकण उघडून पुन्हा पुन्हा आत बघितलं. दूध तर चांगलं दिसत होतं. ती कुणाशी भांडली नाही. डोक्यावर किटली घेऊन आली तशी गेली. ती बाई खोटं बोलत नव्हती आणि नळीही खोटं बोलत नव्हती, हे तेव्हा मला समजलं नव्हतं.

आईचं वाक्य एवढं लागायचं कारण वेगळं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक तापमानवाढीवरचा एक मोठा अहवाल आला, २३ देशांतल्या १६० शास्त्रज्ञांनी मिळून केलेला. त्यात म्हटलं होतं, की उष्ण समुद्रातली प्रवाळं आपली सहनसीमा ओलांडू लागली आहेत. औद्योगिक युगाच्या आधीच्या मानानं पृथ्वी सुमारे १.२ अंशांनी तापली की ती सीमा येते, असा त्यांचा मधला अंदाज, आणि आपण तर १.४ च्या घरात पोचलो आहोत. म्हणजे सीमा मागे गेली. आपण पुढे बघत होतो आणि ती मागे गेली. काही शास्त्रज्ञांना हे विधान घाईचं वाटलं, काही प्रवाळं जुळवून घेतील असं ते म्हणतात, आणि तसं व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण अहवाल वाचताना मला मालवणची आठवण आली. मुलगी सातवीत असताना आम्ही सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ नळी लावून पाण्यात डोकं घातलं होतं. तिनं वर येऊन तोंडातली नळी काढली आणि ओरडली, "आई, खाली गाव आहे!" तपकिरी, पिवळसर, मधूनच जांभळट खडक, त्यांच्या फटींतून पट्ट्यापट्ट्यांचे मासे. प्रवाळाला रंग असतो तो त्याच्या अंगात राहणाऱ्या शैवालाचा. तेच शैवाल त्याला अन्नही पुरवतं. पाणी फार दिवस तापलेलं राहिलं, की प्रवाळ त्या शैवालाला बाहेर काढतं आणि पांढरं पडतं. तेव्हाही ते मेलेलं नसतं. उपाशी असतं. पाणी वेळेत थंड झालं तर शैवाल परत येतं, नाही झालं तर येत नाही. २०२३ च्या सुरुवातीला सुरू झालेल्या पांढरं पडण्याच्या जागतिक लाटेत जगातल्या ८० टक्क्यांहून जास्त प्रवाळक्षेत्राला झळ पोचली. इतकी मोठी लाट नोंदींमध्ये नाही. तापमान १.५ अंशांनी वाढलं तर सत्तर ते नव्वद टक्के प्रवाळं जातील आणि दोन अंशांनी वाढलं तर जवळपास सगळीच, असं २०१८ मध्येच सांगून झालं होतं. आम्ही मालवणला गेलो ते त्याच्या पुढच्याच डिसेंबरात. खाली गाव होतं, खरंच होतं.

ते बघताना मी बोट बुडवून चाखत होते का, एवढाच प्रश्न.

मराठीत अशा क्षणाला कडेलोट म्हणतात. वर्तमानपत्रांत 'कडेलोटाचा बिंदू' असंही येतं. मला हा शब्द भाषेत आवडतो आणि या ठिकाणी पटत नाही. कडेलोट म्हटलं की रायगडाचं टकमक टोक डोळ्यांपुढे येतं. कडा दिसते, खाली दरी दिसते, ढकलणारा कोण तेही दिसतं. इथं कडाच दिसत नाही. जमीन सपाट वाटत राहते, माणूस चालत राहतो, आणि आपण पडतो आहोत हे कळतं तेव्हा पडायला सुरुवात होऊन बराच काळ लोटलेला असतो. ग्रीनलंडवरचा बर्फ काही ठिकाणी तीन किलोमीटर जाड आहे. इतका उंच, की त्याचा माथा थंड हवेत राहतो आणि म्हणून टिकतो. तो वितळून खचायला लागला, की माथा खालच्या, जास्त उबदार हवेत येतो, म्हणून आणखी वितळतो, म्हणून आणखी खाली येतो. एका हद्दीनंतर त्याला आपल्या धुराची गरज उरत नाही, त्याचं तोच पुरवून घेतो. सगळा वितळायला शेकडो, हजारो वर्षं लागतील, आणि समुद्र सुमारे सात मीटरनं वर येईल. पण तो निर्णय कधी झाला, हे त्या वेळी कुणालाच दिसणार नाही. दीड अंशाच्या आसपास होऊ शकतो, असं म्हणतात. कदाचित अलीकडे, कदाचित पलीकडे. २०२४ हे संपूर्ण वर्ष दीड अंशाच्या वर गेलं. एका वर्षानं काही सिद्ध होत नाही हे मी वर्गात सांगते, आणि सांगताना घसा कोरडा पडतो.

अटलांटिक महासागरात गरम पाणी वरून उत्तरेला जातं, थंड आणि खारट होऊन तळाशी बुडतं आणि खालून दक्षिणेला परत येतं. वितळणाऱ्या बर्फाचं गोडं पाणी त्यात मिसळलं, की ते हलकं होतं आणि बुडेनासं होतं. हा प्रवाह खूप मंदावला किंवा थांबला, तर विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकतो आणि आपला मान्सून अशक्त होतो. हिमयुगाच्या काळात असं घडल्याच्या खुणा गुहांमधल्या चुनखडीच्या स्तंभांत मिळाल्या आहेत. २००८ मध्ये टिम लेंटन हे हवामानाचे अभ्यासक आणि त्यांचे सहकारी यांनी पृथ्वीच्या अशा नाजूक सांध्यांची पहिली मोठी यादी केली, तीत भारतीय मान्सूनचं नावही होतं. २०२२ च्या सुधारित यादीत सोळा सांधे आहेत, मान्सूनला तीत पक्कं स्थान नाही, कारण तो स्वतःहून असा एका झटक्यात बदलेल याचा पुरावा पुरेसा नाही. मला त्यातून थोडा दिलासा मिळाला, आणि लगेच कळलं की तो दिलासा कच्चा आहे. मान्सून स्वतःहून नाही बदलला, तरी ज्याच्या खांद्यावर त्याचा हात आहे तो अटलांटिकचा प्रवाह यादीत आहेच.

कोल्हापूरच्या माणसाला पातळ्या समजतात. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे कुणी कुणाला 'कसे आहात' विचारत नाही, 'किती फूट झालं?' विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा एकोणचाळीस फुटांवर गेली की इशारा, त्रेचाळीसवर धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये ती पंचावन्नच्या वर गेली तेव्हा आई आत्याकडे राहायला गेली होती. पण पूर उतरतो. भिंतीवर चिखलाची रेघ राहते, ऊस कुजतो, गाद्या उन्हात पडतात, वर्षभर घराला ओल येते, तरी नदी आपल्या जागी जाते. म्हणून लहानपणापासून माझ्या डोक्यात पातळी म्हणजे चढणारी आणि उतरणारी गोष्ट. जी ओलांडली की उतरतच नाही अशी पातळी मला नदीनं शिकवली नाही. ती रंकाळ्यानं शिकवली.

बाबांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून मी रंकाळ्याला जायची. शालिनी पॅलेसच्या बाजूला कठड्यावर बसून भेळ खायची. कागदाच्या पुड्याला चिंचेचं पाणी लागून तो मऊ व्हायचा, तो चघळायचीसुद्धा. उन्हाळ्यात पाणी उतरलं, की संध्यामठ वर यायचा आणि बाबा म्हणायचे, "बघ, आला बाहेर." काठाला पाण्यात हात घातला तर बोटं दिसायची. शहर वाढलं, नाल्यांमधून सांडपाणी येत राहिलं, धुणी, म्हशी, निर्माल्य सगळं येत राहिलं, आणि तरी वर्षानुवर्षं तलाव तसाच दिसला. कुणी म्हणायचं, एवढा मोठा रंकाळा, त्याला काय होतंय. मग मी पुण्याला नोकरीला लागल्यावर काही वर्षांनी एका उन्हाळ्यात आले तर पाणी हिरवं होतं. हिरवट नाही, हिरवंगार. रंगाचा डबा ओतल्यासारखं, साय धरल्यासारखं. पदपथावर फिरणाऱ्या बायका नाकाला पदर लावून चालत होत्या. दुसऱ्या बाजूला केंदाळ. बाबा तेव्हा नव्हते. मला आठवतं, मनात आलं ते हे, की बरं झालं त्यांनी हे बघितलं नाही, आणि मग स्वतःचाच राग आला.

उथळ तळ्यांचं असंच होतं, हे मी पुढे वाचलं. स्वच्छ तळ्यात तळाशी वनस्पती असतात. त्या गाळ धरून ठेवतात, त्यांच्या आडोशानं पाणपिसवा राहतात, त्या शैवाल खातात, म्हणून पाणी नितळ राहतं, म्हणून ऊन तळापर्यंत पोचतं आणि वनस्पती जगतात. सांडपाण्यातून फॉस्फरस येत राहतो तेव्हा हे चक्र कितीतरी काळ तो सहन करतं. तळं आपली बाजू राखत असतं आणि आपल्याला वाटतं काही होतच नाही. मग एकदा शैवाल इतकं वाढतं की ऊन खाली जात नाही. वनस्पती मरतात, गाळ सुटतो, गाळातला जुना फॉस्फरस पाण्यात येतो, शैवाल आणखी वाढतं. तेच चक्र, उलटं फिरणारं. मार्टेन शेफर या डच शास्त्रज्ञानं यावर फार मोलाचं काम केलं आहे. त्यांच्या देशातलं व्हेल्युवेमेर नावाचं तळं १९६० च्या दशकाच्या अखेरीस असं गढूळ झालं. पुढे फॉस्फरस कमी केला, तरी ते लगेच निवळलं नाही. ज्या प्रमाणाला ते बिघडलं होतं त्याच्या कितीतरी खाली आणावं लागलं, आणि पाणी नितळ व्हायला १९९० चं दशक उजाडलं. ज्या वाटेनं गेलं त्या वाटेनं तळं परत येत नाही. वाट वेगळी असते आणि लांबची असते.

हे मी कागदावर समजून घेतलं. पण मला ते खरं समजलं आत्यामुळे.

आत्याचे यजमान, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, ते वारले तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि आत्या एकोणतीसची. अंगणात पाट्याजवळ तिला बसवलं होतं. एका म्हाताऱ्या बाईनं तिचे हात धरून हिरव्या काचेचा चुडा दगडावर आपटला. तो आवाज फार मोठा नव्हता. मला वाटलं होतं मोठा होईल. एक तुकडा तिच्या मनगटात गेला आणि आईनं पुढे होऊन पदरानं रक्त पुसलं. कुंकू दुसऱ्या कुणीतरी पुसलं. कुणीही रागावून करत नव्हतं, सगळ्या रडत होत्या आणि करत होत्या. त्यानंतर दर संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू असलं, की आत्या सकाळपासून यायची. तिळाच्या वड्या थापायची, वाणाच्या वाट्या पुसून ठेवायची, आणि बायका यायला लागल्या की स्वयंपाकघरात जाऊन दूध आटवत बसायची. कुणी तिला आत जा म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हणावंच लागत नव्हतं. मी कॉलेजात असताना आईशी यावरून भांडले होते. आई म्हणाली, "मला कळत नाही होय? पण चार बायका काय म्हणतील." त्या चार बायका कोण, हे मी तिला विचारलं नाही.

शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला तो १९१७ साली. त्यानंतर एकशे पाच वर्षांनी, मे २०२२ मध्ये, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. कोरोनात कितीतरी तरणीताठी माणसं गेली होती आणि त्यांच्या बायकांचे चेहरे गावासमोर होते. हातकणंगले तालुक्यातल्या माणगावानंही तसाच ठराव केला. १९२० ची माणगाव परिषद झाली तेच हे माणगाव. त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचं अनुकरण करायला सांगणारं परिपत्रक काढलं. एकशे पाच वर्षं आणि मग एक महिना. बातमी आली तेव्हा आईनं ती कात्री लावून कापली आणि देवघराच्या खणात ठेवली. काही बोलली नाही.

पुढच्या संक्रांतीला मी मुद्दाम रजा काढून गेले होते. बावीस-तेवीस बायका असतील. आत्या आत दुधाशी. शेजारच्या आजी, ऐंशी ओलांडलेल्या, नवरा असलेल्या, खुर्चीवर बसूनच म्हणाल्या, "तिला बाहेर बोलवा." कुणी हललं नाही. त्या उठल्या, करंडा घेतला, भिंत धरत आत गेल्या आणि आत्याचा हात धरून तिला बाहेर घेऊन आल्या. आत्याच्या हातात दुधाचा डाव तसाच होता. आजींनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. मग आई उठली. मग समोरच्या बंगल्यातली, मग अजून दोघीतिघी, आणि मग एकदम सगळ्याच, गर्दी करून, एकमेकींना बाजूला सारून. त्या संध्याकाळी जी ती सांगत होती, "मला तर कधीपासून वाटत होतं." आणि मला खात्री आहे, कुणीच खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकीला कधीपासून वाटत होतं आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपल्याला एकटीलाच वाटतंय. आता आईचं ते दुधाबद्दलचं वाक्य मी त्या खोलीत ठेवून बघते. तिथंही आधीच काही गेलेलं होतं. आजींनी फक्त आच लावली.

डेमन सेंटोला या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस-तीस माणसांचा गट एखाद्या चेहऱ्याला काय नाव द्यायचं यावर आपापसांत एकमत करतो, मग त्यात वेगळ्याच नावाचा हट्ट धरणारी काही माणसं सोडायची. ती पंचवीस टक्क्यांच्या खाली असतील तर गट ढिम्म हलत नाही. पंचवीस टक्के झाली की गट उलटतो. एका माणसाच्या फरकानं अपयशाचं यश झालेलं त्यांनी बघितलं. आमच्या बैठकीच्या खोलीत पाच-सहा जणींनंतर सगळ्या उठल्या होत्या, तेव्हा आकडा जुळवायचा मोह मला होतो. पण तो प्रयोग नव्हता आणि मी मोजतही नव्हते, मी रडत होते. शिवाय माणसांच्या बाबतीत कडेलोटाच्या बिंदूची ही कल्पना पहिल्यांदा वापरली गेली ती वाईट गोष्टीसाठी, हेही विसरता येत नाही. १९५७ मध्ये मॉर्टन ग्रॉडझिन्स या राज्यशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या वस्त्यांबद्दल लिहिलं होतं, की कृष्णवर्णीय कुटुंबं ठरावीक संख्येच्या वर राहायला आली, की गोरी कुटुंबं एकदम घरं सोडून जायला लागतात. तीही असंच म्हणत असतील, मला तर कधीपासून वाटत होतं. नॉर्वेत २०१२ मध्ये नव्या गाड्यांत शंभरात तीनच्या आसपास विजेवरच्या असायच्या, २०२४ मध्ये एकोणनव्वद. हेही घडतं, तेही घडतं. एकगठ्ठा उलटण्यात स्वतःचं असं काही चांगुलपण नसतं. आधी काय मुरत होतं, त्यावर सगळं.

आणि त्या संध्याकाळी दोन बायका वाण न घेता उठून गेल्या. त्यातली एक अजूनही येत नाही. मी आधी तिच्यावर चिडले होते. आता चिडत नाही, पण काय वाटतं तेही नीट सांगता येत नाही.

सगळ्या गेल्यावर आत्या पाटावर बसली होती. कपाळावर एकावर एक लावलेलं इतकं कुंकू, की ते नाकावर सांडलं होतं. मला वाटलं ती हसेल. ती हळूच म्हणाली, "इतकी वर्षं कुठं होता गं सगळ्याजणी?" त्यात तक्रार नव्हती, तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. आई समोर होती, तिनं मान खाली घातली. झोपताना आत्यानं ओल्या टॉवेलनं कपाळ पुसलं. "जड झालं गं," म्हणाली. "सवय न्हाई." पुढच्या संक्रांतीला ती पुन्हा स्वयंपाकघरात जाऊन बसली. बोलवून आणावं लागलं. त्याच्या पुढच्याही. तिला आता कुणी अडवत नाही, बायका हौसेनं हाक मारतात, तरी दारात बायकांच्या चपला वाढायला लागल्या की तिची पावलं आत वळतात. नाले बंद केले तरी गाळ अनेक वर्षं पाण्यात सुटत राहतो, असं मी पुस्तकात वाचलं होतं. एकोणतिसाव्या वर्षी जे मनगटात गेलं ते साठीला सहज बाहेर येईल, असं मी का धरून चालले होते?

मेमधल्या त्या सकाळी आईनं चोथा फडक्यात बांधला, पाणी निथळू दिलं आणि साखर घालून मंद आचेवर परतत बसली. दुपारपर्यंत वड्या झाल्या. दाणेदार, थोड्या आंबूस, वेलदोड्याच्या वासाच्या. लाईट आली ती अकराला. मी फ्रिजमधलं दही बघितलं, तेही फसफसून गेलं होतं. म्हणजे घरात विरजण नाही. आई म्हणाली, "आत्याकडनं आण वाटीभर." मी निघाले तेवढ्यात आत्याच जिना चढून आली, रात्री लाईट नव्हती म्हणून वहिनी कशी आहे बघायला. तिला सांगितलं तर ती तशीच परत गेली आणि झाकलेली वाटी घेऊन आली. कपाळावर छोटीशी टिकली होती. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

संध्याकाळी नवं दूध आलं. आत्यानं ते माझ्या हातून घेतलं, तापवलं, निवायला ठेवलं, आणि करंगळी बुडवून बघत राहिली. गरम असेल तर विरजण मरतं, गार असेल तर लागत नाही. "आता," म्हणाली, आणि अर्धा चमचा दही सोडून एकदाच ढवळलं. "रात्रभर हात लावायचा न्हाई. हलवायचं न्हाई. मी सकाळी येऊन बघतो." कोल्हापूरच्या बायका बोलतात तशी ती बोलते, येतो, बघतो. मी विचारलं, "आणि नाही लागलं तर?"

"तर उद्या पुन्हा लावायचं," ती म्हणाली, आणि एक वडी तोंडात टाकून जिना उतरून गेली.

रात्री पुन्हा वारा सुटला. मी दोनदा उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर पातेलं होतं, वर पितळी झाकण. हात झाकणापर्यंत गेला होता.